आयव्हीएफची इंजेक्शनं घरी घेता येतात काय? खानापूर-बेळगाव भागातल्या कुणी घेतलीत का

खानापूरची_सून

नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो, मूल व्हावं म्हणून आयव्हीएफची ट्रीटमेंट बेळगावात चालू हाय. यावेळी पाळी आली की दुसऱ्या दिवसापासनं अंडी वाढायसाठीची, पोटात घ्यायची इंजेक्शनं सुरू करायची म्हणालेत, साधारण दहा-बारा दिवस, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला. आता या पावसात रोज संध्याकाळी बेळगाव गाठायचं आणि परत यायचं म्हणजे बसचा काय नेम नाही, म्हणून सिस्टर म्हणाल्या घरीच घ्या, अगदी सोपं हाय, आणि घाईघाईत एकदा दाखवून पिशवी हातात दिली. घरी येऊन उघडून बघते तर औषध भरलेलं इंजेक्शनचं एक पेन हाय, पावडरच्या छोट्या बाटल्या आणि त्यांच्यासोबत पाण्याच्या काचेच्या अँप्युल हायत, आणि एक वेगळा बॉक्स हाय जो सहाव्या दिवसापासनं चालू करायचा. सुया पण जाड बारीक दोन तऱ्हेच्या.

आमच्या ह्यांना सुई बघितली की घाम फुटतो, त्यामुळे मलाच करायला पाहिजे. घरात फ्रीज एकच, त्यात दूधदही, मासळी सगळं, आणि करंट कधी जाईल कधी येईल सांगता येत नाही. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. वर आता लावणीचे दिवस, रोपं काढायला मी नाही गेले तर चार जणी विचारणार. मेडिकलवाला म्हणाला या इन्सुलिनच्या सुया घ्या, एकदम बारीक, दुखत नाही, त्या पण घेऊन ठेवल्यात. कुणी घरी घेतली असतील तर जरा सविस्तर सांगा की, भीती टोचण्याची नाही एवढी, चुकलं तर एवढा पैसा आणि महिना दोन्ही जाईल ह्याची हाय.

टिळकवाडीची_अक्का

अगं घाबरू नकोस, मी सगळी घरीच घेतली, स्वतःच्या हातानं. पहिल्या दिवशी हात थरथरतो, नंतर भाजी चिरल्यासारखं होतं. पण "एकदा दाखवलं" एवढ्यावर घरी करू नकोस हे आधी सांगते. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला जाशीलच ना, त्या दिवशीचं पहिलं इंजेक्शन तिथंच सिस्टरच्या समोर तू स्वतः कर, त्यांनी करायचं नाही, त्यांनी नुसतं बघायचं. आणि नवऱ्याला शेजारी उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांग, टोचायचं नाही म्हटल्यावर त्यांना घाम फुटायचं कारण नाही.

मी कसं करायची ते सांगते. ओट्यावर नाही, कारण तिथं पाणी आणि पीठ असतंच, खोलीत दार लावून टेबलावर स्वच्छ धुतलेला टॉवेल पसरायची. हात साबणानं धुवून कोरडे करायचे. मग सामान मांडायच्या आधी क्लिनिकचा कागद, त्यावरचं औषधाचं नाव आणि बॉक्सवरचं नाव, आकडा आणि एक्सपायरी हे मोठ्यानं वाचायची, नवरा ऐकायचा. येडेपणा वाटेल पण दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी डोकं चालत नाही.

अँप्युलचं सांगते कारण तिथंच बोट कापतं. डोक्याला टिचकी मारून वरचं पाणी खाली आणायचं, मानेवर ठिपका असतो तो आपल्याकडे ठेवायचा, कापसानं किंवा गॉजनं मान धरायची आणि मागच्या बाजूला मोडायची. जाड सुईनं पाणी ओढून पावडरच्या बाटलीत हळूच भिंतीवरनं सोडायचं. बाटली हलवायची नाही, तळहातात धरून गोल फिरवायची, जोरात हलवली तर फेस येतो आणि मग माप लागत नाही. पाणी नितळ दिसायला पाहिजे, गढूळ किंवा कण दिसले तर ते टोचायचं नाही, फोन करायचा. तीन बाटल्या सांगितल्या असतील तर तीन वेळा पाणी घ्यायचं नसतं, पहिलीत विरघळलेलं तेच ओढून दुसरीत, मग तिसरीत, पण हे तुमच्या डॉक्टरनं तसं सांगितलं असेल तरच. मग सुई बदलायची, बारीक लावायची, सिरिंज उभी धरून टिचकी मारून हवा बाहेर काढायची.

बेंबीपासनं दोन बोटं लांब, खालच्या बाजूला, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. स्पिरिटचा कापूस फिरवला की वाळू दे, ओलं असताना टोचलं की जास्त चुरचुरतं. कातडी चिमटीत धरायची, सरळ आत घालायची, दांडा हळू दाबायचा, दाबून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं मग काढायची. चोळायचं नाही. एखादा थेंब रक्त आलं, निळं पडलं तर काही होत नाही. औषधाचा एखादा थेंब बाहेर आला म्हणून परत थोडं टोचायचं असलं काही करायचं नाही.

येळ्ळूरकर_७

मला विचाराल तर कशाला एवढा खटाटोप, गावात डॉक्टर असतीलच की, संध्याकाळी जाऊन टोचून घ्यायचं, दहा रुपये वीस रुपये काय ते द्यायचे. आमच्या वहिनीनं तसंच केलं. बायकांना असलं अवघड काम सांगून क्लिनिकवाले आपली जबाबदारी झटकतात असं माझं मत.

सिस्टर_निपाणी

मी नर्स आहे, गेली बरीच वर्षं याच कामात. येळ्ळूरकर दादा, गावातल्या डॉक्टरकडे जायला हरकत नाही, ज्याला स्वतः टोचणं जमतच नाही त्यानं जरूर जावं. पण ते डॉक्टर रोज ताप-खोकल्याची इंजेक्शनं देतात, ही पावडर आणि पेन त्यांच्या हाताखालनं क्वचितच जातात. मी बघितलंय, पोटाच्या कातडीखाली द्यायचं औषध दंडात दिलं होतं, बॉक्सवर काय लिहिलंय ते न बघताच. म्हणून तिकडे गेलात तरी क्लिनिकचा कागद, औषध आणि सुई आपलीच न्या, आणि आपल्यासमोर सुई फोडायला सांगा. दुसरं, संध्याकाळी सातला ते दवाखान्यात असतीलच याचा भरवसा काय? घरी शिकलेलं केव्हाही बरं.

आता ताई, तुम्ही इन्सुलिनच्या सुया घेतल्यात त्याबद्दल. त्या बाजूला ठेवा. टोचण्यापेक्षा मोजण्यात जास्त घोटाळे होतात आणि त्यातला सगळ्यात मोठा हाच. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन तऱ्हेच्या मिळतात, लाल टोपीची चाळीसची आणि नारिंगी टोपीची शंभरची. दोन्हीवर "युनिट" लिहिलेलं असतं, आणि तुमच्या पावडरच्या बाटलीवर पण ७५ किंवा १५० आययू असं युनिटच लिहिलेलं असतं. माणसाला वाटतं ७५ पाहिजे म्हणजे ७५ च्या रेषेपर्यंत ओढायचं. तसं नसतं. ते आकडे इन्सुलिनसाठी आहेत. ७५ ची बाटली १ मिली पाण्यात विरघळवली तर ते अख्खं १ मिली म्हणजे ७५. शंभरच्या सिरिंजमध्ये ७५ च्या रेषेपर्यंत ओढलं तर हातात येतं पाऊण मिली, म्हणजे साधारण ५६. उलट १५० ची बाटली १ मिलीत विरघळवली आणि डॉक्टरनं ७५ द्या म्हटलं, तर पाहिजे अर्धा मिली, आणि रेषा बघून ओढलं तर जातं ११२. एकदा कमी, एकदा दीडपट. म्हणून मिलीची खूण असलेली साधी सिरिंज घ्या. काही औषधांना क्लिनिकच स्वतः इन्सुलिनची सिरिंज देतं, तेव्हा त्यांनीच शाईनं खूण करून दिलेली असेल तर तेवढ्याच औषधाला तीच वापरायची, दुसऱ्याला नाही.

आणि बाटलीवर किंवा बॉक्सवर कातडीखाली की स्नायूत ते बघा. पावडरची काही औषधं दोन्हीकडे चालतात, काही नुसती स्नायूत. पुढे प्रोजेस्टेरॉनचं तेलाचं इंजेक्शन देतील, ते कंबरेच्या खाली स्नायूतच जातं, पोटात कधीच नाही, आणि ते शिकल्याशिवाय स्वतः करू नका. त्याला घरी यायला गावातल्या नर्सबाईंना सांगा.

टिळकवाडीची_अक्का

सिस्टर बरं झालं लिहिलंत, इन्सुलिनच्या सुईचं वाचताना मलाच काटा आला.

फ्रीजचं राहिलं होतं. पेनमधलं औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गोठलं तर कामाचं नाही, परत वितळवून वापरायचं नाही. आपल्या एका दाराच्या फ्रीजमध्ये वर बर्फाचा कप्पा आणि त्याच्या खालचा ट्रे, ह्या दोन्ही जागा सोडायच्या, मागच्या भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, आणि दारात पण नाही, कारण दार सारखं उघडतं. मधल्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात ठेव, वरून "मेंदी" म्हणून चिठ्ठी लाव, कोण उघडून बघत नाही. करंट गेला तर फ्रीज उघडू नको, बंद राहिला तर चारेक तास थंडावा टिकतो. पेन बॉक्सवर लिहिल्याप्रमाणे २५ डिग्रीच्या आत असेल तर बाहेर पण काही काळ चालतं. एकदा वापरायला काढलं की २८ दिवसांत संपवायचं. पावडरच्या बाटल्यांना बहुतेक फ्रीज लागतच नाही, उजेडापासनं लांब, कपाटात, पण तू तुझ्या बॉक्सवरचं वाच, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

बेळगावहून औषध नेताना बर्फाच्या पॅकवर थेट ठेवू नको, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेव.

चिकोडीचा_पाव्हणा

पुरुष माणूस मध्ये बोलतोय म्हणून माफ करा, पण मी माझ्या बायकोला सगळी इंजेक्शनं दिली, त्यामुळे थोडं सांगू शकतो. आमच्याकडे ती डोळे मिटून गाणं ऐकायची आणि मी टोचायचो. खानापूरच्या ताईंच्या मिस्टरांना सांगा, आधी क्लिनिकमध्ये संत्र्यावर सराव करायला देतात, हात बसतो. पण नसेल जमत तर नसेल जमत, मदतीची दुसरी कामं पुष्कळ आहेत, हिशोब ठेवायचा, अलार्म लावायचा, फोन करायचा.

मी लिहितोय ते शेवटच्या इंजेक्शनबद्दल, अंडी पक्की व्हायला देतात, ट्रिगर म्हणतात ते. बाकी रोजचं तासभर मागंपुढं झालं तर डॉक्टर सांभाळून घेतात, ट्रिगरला तसं नाही. ते दिल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांत एग पिकअप करतात, म्हणजे अंडी बाहेर काढून घेतात, त्याच्यावर सगळं वेळापत्रक बांधलेलं असतं. आम्हाला रात्री साडेदहाला सांगितलेलं आणि पिकअप परवा सकाळी दहाला. म्हणजे उद्या नाही, परवा, हे पण नीट समजून घ्या, आमच्या घरी उद्याच निघायची तयारी चालू झाली होती. आम्ही दोन मोबाईलवर अलार्म लावला, औषध संध्याकाळीच एकदा बॉक्स उघडून बघून घेतलं की पाणी, पावडर, सुई सगळं हाय का, कारण रात्री साडेदहाला चिकोडीत मेडिकल कुठलं उघडं मिळणार. टोचल्यावर वेळ लिहून क्लिनिकला मेसेज केला.

उशीर झालाच तर लपवायचं नाही हो. अर्धा तास, एक तास जे काही असेल ते खरं सांगायचं, ते पिकअपची वेळ पुढे ढकलतात. लपवलं की मात्र घोळ.

खानापूरची_सून

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, वाचून जीव जरा भांड्यात पडला. इन्सुलिनच्या सुया उद्या परत करते. आता अजून दोन विचारायचे राहिले. क्लिनिकमधून डोस फोनवर बदलतात म्हणे, सोनोग्राफी झाल्यावर संध्याकाळी सांगतात, मग ते कसं? आणि लावणीचं कुणीच सांगितलं नाही, जाऊ की नको? एका दिवशी विसरलं तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचं का?

सिस्टर_निपाणी

डबल कधीच नाही. विसरलं लक्षात आलं की त्याच मिनिटाला क्लिनिकला फोन, रात्र असली तरी, आणि ते सांगतील तेवढंच. म्हणून पहिल्याच दिवशी रात्रीचा चालणारा नंबर मागून घ्या, रिसेप्शनचा नको.

डोस फोनवर सांगितला तर नुसतं "हो हो" म्हणू नका. त्यांनी सांगितलेलं तुम्ही परत म्हणून दाखवा, औषधाचं नाव, किती, किती वाजता, आणि तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांगा. फोनवर "दीडशे" आणि "अडीचशे" ऐकायला सारखं वाटू शकतं, पावसात रेंज नसते ती वेगळीच.

पेनचा डोस बदलला तर खिडकीतला आकडा बघून फिरवायचा. दाबल्यावर आकडा शून्यावर यायला पाहिजे. शून्यावर न येता मध्येच २५ किंवा ५० वर थांबला तर त्या पेनमधलं औषध संपलं आणि तेवढं अजून द्यायचं राहिलंय असा अर्थ, ते नवीन पेननं पूर्ण करायचं. सुई दरवेळी नवीन, आणि झाल्यावर काढून ठेवायची, सुईसकट पेन फ्रीजमध्ये ठेवू नका.

लावणीचं. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला फार काही जाणवणार नाही, घरातलं काम, चालणं चालतं. पण नंतर अंडाशय मोठे होत जातात. तेव्हा चिखलात दिवसभर वाकून रोपं लावणं, पेंड्या डोक्यावर घेणं, बांधावरून घसरणं नको. मोठा झालेला अंडाशय पिळला जाऊ शकतो. अचानक एका बाजूला सहन न होणारं दुखलं आणि उलटी झाली तर झोपून बघू असं म्हणायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. डॉक्टरना तुमचं काम काय आहे ते सांगून विचारा, शहरातल्या डॉक्टरना "हलकं काम" म्हणजे लावणी नव्हे हे वेगळं सांगावं लागतं.

अजून एक, जे लोक सांगत नाहीत. काहींच्या अंडाशयावर या औषधांचा जास्तच जोर होतो, पीसीओएस (अंडाशयात बारीक गाठी, पाळी अनियमित) असेल किंवा एएमएच (शिल्लक अंड्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जास्त असेल तर विशेष. पोट फुगतं थोडं, ते सगळ्यांचंच. पण रोज सकाळी वजन करा, आणि एका दिवसात किलोभर किंवा जास्त वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, उलट्या थांबेनात, पोट ताणून दुखायला लागलं, यातलं काहीही झालं तर फोन. हे इंजेक्शन चालू असताना होतं त्यापेक्षा ट्रिगरनंतरच्या आठवड्यात जास्त होतं, आणि दिवस गेले तर त्यानंतर पण होऊ शकतं, त्यामुळे इंजेक्शन संपली म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

सहाव्या दिवसापासनंचं जे वेगळं आहे ते अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून असतं. ते घेतल्यावर जागा लाल होऊन खाज येते बऱ्याच जणींना, तासाभरात जाते. अंगभर पुरळ, ओठ सुजले, श्वास अडकला तर मात्र वेगळी गोष्ट, ताबडतोब जवळचा दवाखाना.

टिळकवाडीची_अक्का

लावणीचं मी सांगते, "कंबर धरलीय, डॉक्टरनं वाकायला बंदी केलीय" म्हण. खोटं पण नाही त्यात फारसं.

आणि गं, ट्रिगरनंतर घाईनं घरी कार्डावर प्रेग्नन्सीची टेस्ट करू नको. ट्रिगर एचसीजीचा असेल तर तोच हार्मोन टेस्टमध्ये दिसतो, दहा-चौदा दिवस दोन रेघा खोट्या येऊ शकतात. रक्ताची तारीख देतील तेव्हाच.

हिंडलगा_गर्ल

माझ्याकडे ७५ च्या दोन-तीन बाटल्या उरल्यात, एक्सपायरी अजून बाकी आहे. कुणाला पाहिजे असतील तर अर्ध्या किमतीत देते. फुकट जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगाला.

सिस्टर_निपाणी

ताई, भावना समजते, ही औषधं महाग आहेत. पण ती कुठल्या तापमानात राहिली हे बाटलीकडे बघून कळत नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीही नसतात. न फोडलेली असतील तर तुमच्या क्लिनिकला विचारा. खानापूरच्या ताई, तुम्ही मेडिकलमधनंच घ्या, बिल घ्या आणि बॅच नंबर बॉक्ससकट जपून ठेवा. आणि क्लिनिकची नोंदणी आहे का ते एकदा विचारून ठेवा, २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) ती लागतेच, विचारायला लाजू नका.

हिंडलगा_गर्ल

बरं, खरं आहे. टाकत नाही, क्लिनिकला विचारते.

खानापूरची_सून

सुया कुठं टाकायच्या ते सांगा की. आमच्याकडे कचरा परड्यात उकिरड्यावर जातो, तिथं पोरं, कोंबड्या सगळी फिरतात. आणि कुणाच्या नजरेला पडलं तर गावभर.

टिळकवाडीची_अक्का

टॉयलेट धुवायच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची बाटली असते ना, रिकामी करून धुवून घे, सुई वापरली की टोपण परत न लावता सरळ त्यात टाकायची. टोपण परत लावतानाच बोटाला लागते. फुटलेल्या अँप्युलच्या काचा पण त्यात. पाण्याच्या बाटलीसारखी पातळ नको, सुई आरपार येते. भरली की झाकण घट्ट करून वर चिकटपट्टी लाव आणि सोनोग्राफीला जाशील तेव्हा पर्समधनं घेऊन जा, क्लिनिकवाले घेतात, त्यांच्याकडे सुयांचा वेगळा डबा असतो. कायद्यात पण वापरलेल्या सुया घरच्या साध्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत असंच हाय. बाटली बाथरूममध्ये ठेव, तिथं ती बघून कुणाला संशय येत नाही.

खानापूरची_सून

हे भारी हाय अक्का. शेवटचं एकच, पेनवर नवीन सुई लावली की आधी एक थेंब बाहेर काढून बघायचा असतो काय? सिस्टरनी केलं होतं पण का ते सांगितलं नव्हतं.

सिस्टर_निपाणी

नवीन पेन पहिल्यांदा वापरताना सुई लावून वर धरायचं आणि टोकावर बारीक थेंब दिसतो का बघायचं. दिसला तर औषध सुईपर्यंत आलंय, पुढे डोस लावा. नाही दिसला तर पेनच्या कागदावर लिहिलंय तसं २५ वर फिरवून एकदा दाबायचं, मग थेंब येतो. त्याच पेनला दुसऱ्या दिवसापासनं तेवढं करावं लागत नाही. पेनमध्ये बारीक बुडबुडा दिसला तर त्याच्यामागे लागू नका, तो चालतो. कोणता पेन आहे त्याचा फोटो क्लिनिकला पाठवून एकदा खात्री करा, सगळ्यांचं सारखं नसतं.

खानापूरची_सून

ठीक आहे सिस्टर. सोमवारी सोनोग्राफीला जातेय तेव्हा पेन आणि बाटल्या सगळं सोबत घेऊन जाते, तिथंच पहिलं करते. ह्यांना व्हिडिओ काढायला सांगितलंय, तयार झालेत.